आल्प्समधील एक धर्मशाळा

डोंगर चढणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची खात्री असावी लागते. आपण धरलेली वाट कोठें तरी पोंचते, ही पहिली; आणि वाटेंत पाऊस गांठला, पाय मुरगळला किंवा अवेळीं अंधार पडला, तर पाठ टेकावयास छप्पर मिळेल, ही दुसरी. आपल्या देशांत ही दुसरी खात्री पिढ्यान् पिढ्या धर्मशाळांनीं दिली. यात्रेच्या वाटेवर, घाटाच्या माथ्यावर, नदीच्या उतारापाशीं कोणा पुण्यशील माणसानें चार भिंती उभारल्या आणि येणाराजाणारा तेथें विसांवला. युरोपांतील आल्प्स पर्वतांत हेंच काम तेथील आश्रयगृहें करतात. आज अशाच एका आश्रयगृहाकडे श्रोत्यांना घेऊन जावें असा माझा विचार आहे. चाल फार नाहीं. एका उन्हाळी दिवसांत जाऊन येण्यासारखी आहे. परंतु त्या घराचें दार उघडण्यापूर्वीं कांहीं माणसांना जी दुसरी वाट चालावी लागली, ती मात्र पुष्कळच लांबीची होती; आणि खरें सांगावयाचें तर आजचें भाषण त्या दुसऱ्या वाटेविषयींच आहे.

ऑस्ट्रिया देशाच्या टिरोल प्रांतांत इन नदीला दक्षिणेकडून येऊन मिळणाऱ्या झिलर नदीचें एक रमणीय खोरें आहे. त्यास झिलरटाल म्हणतात. येनबाख स्थानकावर मोठी आगगाडी सोडून आपण लहान गाडींत बसतों. हिच्या रुळांमधील अंतर अवघें ७६० मिलिमीटर, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीपेक्षां थोडेंसेंच अधिक. १९०२ सालापासून ही गाडी मायरहोफेन गांवापर्यंत जाते. तेथून मोटार गिंझलिंगवरून, अरुंद बोगद्यांतून वाट काढीत, श्लेगाइस नांवाच्या विस्तीर्ण जलाशयाच्या कांठीं आणून सोडते. वीज उत्पन्न करण्यासाठीं १९६५ ते १९७१ या वर्षांत येथें १३१ मीटर उंचीचें, कमानीसारखें वांकलेलें धरण बांधण्यांत आलें. हा जलाशय समुद्रसपाटीपासून १७८२ मीटरांवर आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे आपल्या प्रांतांतील उंची जेथें संपते, त्याच्याहि वर आपल्या आजच्या चालीला आरंभ होतो. जावयाचें आहे तें फ्रीझेनबर्गहाउस नांवाचें घर २४९८ मीटरांवर वसलेलें आहे. सातशें मीटरांहून किंचित् अधिक चढ; आणि बेताच्या चालीनें चालणाऱ्यास सुमारें अडीच तासांची वाट.

वाटेच्या तोंडाशीं पिवळा फलक असतो. त्यावर अंतर लिहिलेलें नसतें, वेळ लिहिलेली असते. डोंगरांत मैलाला अर्थ नाहीं, तासाला आहे, हें ज्यांनीं ओळखलें ते लोक पायांनीं चालणारे होते यांत शंका नाहीं. पुढें जागोजाग खडकांवर तांबडा-पांढरा-तांबडा असे तीन पट्टे रंगविलेले दिसतात, आणि धुकें उतरलें तरी वाट सुटत नाहीं. आरंभीं देवदाराच्या कुळांतील गांठाळ, वाऱ्यानें पिळवटलेले वृक्ष लागतात. जून-जुलै महिन्यांत त्यांच्या पायथ्याशीं तांबूस फुलांचीं ठेंगणीं झुडुपें बहरून येतात. तेथील लोक त्यांस आल्प्सचा गुलाब म्हणतात. वस्तुतः तो गुलाब नव्हे, हिमालयांतील बुरांसाचा तो भाऊबंद आहे. वृक्ष विरळ होतां होतां कुरण लागतें. उन्हाळ्यापुरतीं खालच्या गांवांतील गुरें येथें चरावयास येतात. कुरण संपलें कीं दगडधोंड्यांचें राज्य सुरू होतें, आणि वाट नागमोडी वळणें घेत चढूं लागते. दम घेण्यासाठीं थांबून मागें वळून पाहावें, तों खालीं जलाशयाचें हिरवट-निळें पाणी आणि पलीकडे, इटलीच्या सीमेवर, होखफायलर हें ३५०९ मीटरांचें शिखर. त्याच्या उत्तर अंगावर श्लेगाइसची हिमनदी आहे. जुन्या छायाचित्रांशीं ताडून पाहिल्यास ती किती आक्रसली आहे तें सहज ध्यानांत येतें. पूर्वीं जेथें बर्फ होतें तेथें आतां उघडा, करडा खडक आहे.

शेवटच्या वळणावर घर दिसतें. लहानशा सरोवराच्या वरच्या अंगास, होहर रिफ्लर शिखराच्या पायथ्याशीं, दगडी भिंतींचें, भक्कम, अनेक खिडक्यांचें हें घर आहे. दारांत जड बूट काढून ठेवावयाचे, सपाता घालावयाच्या, आणि लांकडी बांकावर बसून पिठाच्या गोळ्यांचें कढत सार प्यावयाचें, हा सगळ्याच आश्रयगृहांचा परिपाठ. कोपऱ्यांत एक जाडजूड वही असते. येणारानें तींत आपलें नांव, गांव आणि पुढें कोठें जाणार तें लिहावयाचें. कोणी वाट चुकला तर त्याचा शोध कोठून सुरू करावा, हें त्या नोंदीवरून कळतें. वहींत नांव लिहिणें ही येथें रीतभात नव्हे, सुरक्षिततेची बाब आहे. हें ध्यानांत ठेवावें; कारण एके काळीं याच पर्वतांत कांहीं माणसांचीं नांवें अशा वह्यांत असूं नयेत असें ठरविण्यांत आलें होतें.

ही हकीकत समजण्यास थोडें मागें जावें लागेल. हौसेनें पर्वत चढणाऱ्यांची पहिली संस्था १८५७ सालीं लंडन येथें निघाली. १८६२ मध्यें व्हिएन्ना येथें ऑस्ट्रियन आल्पाइन संघ स्थापन झाला, आणि १८६९ मध्यें म्युनिच येथें जर्मन संघ. या दुसऱ्या संघाच्या संस्थापकांत फ्रांझ झेन नांवाचा एक धर्मोपदेशक होता. फेन्ट या अतिशय उंचावरील दरिद्री गांवीं तो राहत असे. वाटा नीट झाल्या, वाटाड्ये शिकून तयार झाले आणि राहावयाची सोय झाली, तर बाहेरचे लोक येतील व आपल्या गांवकऱ्यांच्या पोटाला चार घांस मिळतील, असा त्याचा साधा हिशेब होता. त्याचा सहकारी योहान श्ट्यूडल हा प्राग शहरांतील व्यापारी. त्यानें स्वतःच्या खर्चानें ग्रॉसग्लॉक्नर शिखराखालीं १८६८ सालीं आश्रयगृह बांधविलें होतें. १८७३ मध्यें हे दोन्ही संघ एक झाले.

या संयुक्त संघाची रचना मोठी मार्मिक होती. प्रत्येक शहरीं एक शाखा असावयाची, आणि तिनें पर्वताचा एखादा भाग अंगावर घेऊन तेथें वाटा व घरें बांधावयाचीं. म्हणूनच टिरोलच्या रानांत आपल्याला दूरदूरच्या शहरांचीं नांवें भेटतात. याच झिलरटालमध्यें बर्लिनच्या शाखेनें १८७९ सालीं उघडलेलें 'बर्लिनर ह्यूटे' आहे. शाखा कोणतीहि असो, तिच्या सभासदास सर्व शाखांच्या घरांत कमी भाड्यानें आणि अग्रहक्कानें बिछाना मिळत असे. घर एका शहराचें, परंतु आसरा सर्वांचा. ही कल्पना धर्मशाळेच्या फार जवळची आहे.

परंतु याच रचनेंत एक छिद्र होतें. सभासद कोणास करावें आणि कोणास करूं नये, हें ठरविण्याचा अधिकार ज्या त्या शाखेचा होता. मध्य युरोपांत ज्यूद्वेषाची सांथ जसजशी पसरत गेली, तसतशी ती या छिद्रांतून संघांत शिरली. १८९९ मध्यें बर्लिन शहरांत मार्क ब्रांडेनबुर्ग नांवाची नवी शाखा निघाली, तिनें ज्यूंना प्रवेश नाकारला. १९०५ व १९०७ मध्यें व्हिएन्ना येथील दोन शाखांनीं तोच कित्ता गिरविला. नियमावलींतील या कलमाला 'आर्य कलम' असें नांव होतें. आपल्या प्राचीन वाङ्मयांत ज्या शब्दानें सज्जनाला संबोधावें, तो शब्द तेथें दारावरच्या अडसराच्या कामीं लागला होता.

ज्यूंचा पर्वताशीं संबंधच काय, असा प्रश्न या कलमाचे पुरस्कर्ते विचारीत. उत्तर पर्वतांतच होतें. पाउल प्रॉइस हा ज्यू कुळांत जन्मलेला ऑस्ट्रियन तरुण आपल्या काळच्या सर्वश्रेष्ठ कडा-चढणाऱ्यांत मोडत असे. दोर आणि खिळे यांचा आधार न घेतां, जो कडा आपण चढूं शकतों तोच उतरूंहि शकलें पाहिजे, असा त्याचा बाणा होता. १९१३ सालीं, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, एकटाच चढत असतां पडून तो मृत्यु पावला. आजहि गिर्यारोहणांतील नीतीची चर्चा त्याच्या नांवावांचून पुरी होत नाहीं.

पहिल्या महायुद्धांतील पराभवानंतर द्वेषाला ऊत आला. व्हिएन्नाच्या सर्वांत मोठ्या शाखेचें, 'ऑस्ट्रिया' शाखेचें, नेतृत्व १९२१ सालीं एडुआर्ड पिख्ल याच्या हातीं गेलें. हा स्वतः नामांकित गिर्यारोहक होता. पण पर्वतांवर प्रेम करणारें मन माणसांच्या बाबतींत उदार असतेंच असें नाहीं. त्याच वर्षीं या शाखेंत आर्य कलम आलें. वर्षानुवर्षें वर्गणी भरलेले, त्याच वाटांवर घाम गाळलेले ज्यू सभासद एका ठरावानिशीं परके ठरले. त्यांनीं आणि त्यांच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या इतरांनीं मिळून, त्याच संघाच्या नियमांप्रमाणें, 'डोनाउलांड' नांवाची स्वतंत्र शाखा काढली. डोनाउलांड म्हणजे डॅन्यूबची भूमि. हिचीं दारें सर्वांस खुलीं होतीं. पुढें मनोवैद्य म्हणून जगन्मान्य झालेला व्हिक्टर फ्रांकल हा या संस्थेचा सभासद होता.

येथून पुढचा भाग मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. ऑस्ट्रियांतील बहुतेक शाखांनीं तोंवर आर्य कलम स्वीकारलें होतें. त्यांनीं मध्यवर्ती संघाला बजावलें, कीं एक तर डोनाउलांडला काढा, नाहीं तर आम्हीं बाहेर पडतों. संघांतील जर्मन शाखांत या द्वेषाशीं सहमत नसलेले लोक पुष्कळ होते. परंतु त्यांनीं हिशेब केला. एका बाजूला एक शाखा. दुसऱ्या बाजूला पन्नास वर्षांची एकी. एक शाखा गेली तर तंटा मिटेल, संघ वांचेल, आणि पुन्हां राजकारण सोडून पर्वतांविषयीं बोलतां येईल. १९२४ सालच्या डिसेंबरांत म्युनिच येथें भरलेल्या असाधारण सभेनें डोनाउलांडला संघाबाहेर काढलें. मतें देणारांपैकीं कित्येकांनीं तें द्वेषानें नव्हे, शांततेच्या इच्छेनें केलें; आणि मला वाटतें, यांतच या गोष्टीचें खरें दुःख आहे. उघड्या द्वेषाशीं झगडतां येतें. 'उगीच वाद नको' म्हणून जो अन्याय होतो, त्याच्याशीं झगडणें फार कठिण; कारण तो करणाराला आपण अन्याय करीत आहों असें वाटतच नाहीं.

बाहेर काढलें याचा व्यवहारांत अर्थ काय? बिछान्यावरील हक्क गेला. कित्येक आश्रयगृहांच्या दारांवर ज्यू व डोनाउलांडचे सभासद येथें नकोत अशा मजकुराच्या पाट्या लागल्या. दिवसभर चालून, भिजून, थकून आलेल्या माणसाला ही पाटी वाचावी लागत असे.

मात्र सर्वांनींच मान खालीं घातली असें नव्हे. या निर्णयाच्या निषेधार्थ बर्लिन शाखेचे शेंकडों सभासद, ज्यू आणि ज्यूंखेरीज इतरहि, बाहेर पडले, आणि १९२५ सालीं त्यांनीं बर्लिन येथें आपली निराळी आल्पाइन संस्था स्थापिली. बर्लिनची ही संस्था आणि व्हिएन्नाची डोनाउलांड यांनीं हातांत हात घातला. दुसऱ्यांच्या दारांशीं ताटकळत बसण्यापेक्षां आपणच एक घर बांधावें, असें त्यांनीं ठरविलें. १९२८ पासून पुढील तीन-चार वर्षांत तें उभें राहिलें. तेंच हें फ्रीझेनबर्गहाउस. श्लेगाइसचें धरण आणि त्याच्याबरोबर आलेला मोटाररस्ता तेव्हां अस्तित्वांत नव्हता. आज आपण ज्या ठिकाणापासून चालावयास आरंभ करतों, तेथपर्यंतहि बांधकामाचें सामान पोंचविणें हें तेव्हां कष्टाचें काम होतें. तरीहि घर लहान किंवा तात्पुरतें बांधलें नाहीं. पुष्कळ वर्षें टिकावें, पुष्कळांना पुरावें, अशा बेतानें तें दगडांत बांधलें. ज्यांना बाहेर काढलें होतें त्यांनीं बांधलेल्या या घरांत कोणालाहि मज्जाव नव्हता.

पुष्कळ वर्षें मात्र त्यांना लाभलीं नाहींत. १९३३ मध्यें जर्मनींत हिटलरची सत्ता आली. बर्लिनची संस्था टिकणें अशक्य झालें. तेव्हां तिनें घर व्हिएन्नाच्या भगिनी-संस्थेकडे सोंपविलें, आणि १९३४ मध्यें ती संपुष्टांत आली. मार्च १९३८ मध्यें जर्मन सैन्य ऑस्ट्रियांत शिरलें. डोनाउलांडवर बंदी आली, घर जप्त झालें, आणि पुढें युद्धकाळांत तें सैन्याच्या ताब्यांत गेलें. घर बांधणारांपैकीं ज्यांना वेळेवर देश सोडतां आला ते सोडून गेले. ज्यांना आला नाहीं त्यांतील कितीएक छळछावण्यांत नष्ट झाले. फ्रांकल स्वतः आउश्वित्झमधून जिवंत परतला. त्याचे आईबाप, भाऊ आणि पत्नी परतलीं नाहींत. आणि ज्या एकीसाठीं १९२४ मध्यें एका शाखेचा बळी दिला होता, त्या एकीचें काय झालें? त्याच १९३८ सालीं तो सबंध संघच नाझी राजवटीच्या क्रीडासंघटनेंत विलीन करण्यांत आला. दिलेली किंमत फुकट गेली, आणि विकत घेतलेली शांतता चौदा वर्षेंहि पुरली नाहीं.

युद्धानंतर डोनाउलांड पुन्हां उभी राहिली, पण सभासद उरले होते थोडे. घर त्यांना परत मिळालें. तें सांभाळण्यास लागणारे हात मात्र परत मिळाले नाहींत. उंचावरील घराचें दर हिंवाळ्यांत नुकसान होतें. छप्पर, खिडक्या, वाटा दर वर्षीं नीट कराव्या लागतात. अखेर १९६८ सालीं त्यांनीं तें घर दुसऱ्याच्या स्वाधीन केलें. आणि तेंहि कोणाच्या? जर्मन संघाच्या बर्लिन शाखेच्या, म्हणजे चाळीसांहून अधिक वर्षांपूर्वीं ज्या शाखेंतून निषेध करून त्यांचे सोबती बाहेर पडले होते, तिच्याच. हें देणें सोपें नसावें, आणि घेणेंहि सोपें नसावें. बर्लिनच्या शाखेनें तें घर नुसतें चालविलें नाहीं. त्याची कथा विसरली जाऊं दिली नाहीं. २००३ सालीं फ्रीझेनबर्गहाउस हें असहिष्णुता आणि द्वेष यांच्याविरुद्ध विचार करण्यासाठीं तरुणांनीं एकत्र येण्याचें आंतरराष्ट्रीय स्थान म्हणून समर्पित करण्यांत आलें. त्याच सुमारास, २००२ मध्यें, दक्षिणेकडील व्होलायर सरोवराकांठच्या ज्या आश्रयगृहाला एडुआर्ड पिख्लचें नांव होतें, तें नांवहि बदलण्यांत आलें. आतां तें घर सरोवराच्या नांवानें ओळखलें जातें.

ही परक्यांची गोष्ट म्हणून आपल्याला ऐकून सोडून देतां येणार नाहीं. १९२३ सालच्या ऑगस्टांत मुंबई कायदेमंडळांत रावबहादुर सी. के. बोले यांनीं एक ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांस मोकळ्या असाव्यात, असें त्यांत म्हटलें होतें. धर्मशाळा हा शब्द त्या ठरावांत घालावा लागला, याचाच अर्थ आपल्या धर्मशाळांचीं दारें सर्वांस उघडीं नव्हतीं. ठराव झाला तरी पाणी मिळालें नाहीं, म्हणून १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावें लागलें. म्युनिचची ती सभा या दोन तारखांच्या मध्यें येते. दोन देश, दोन समाज, आणि दोन्हीकडील इतिहास निराळा. परंतु प्रश्न एकच होता. तहानेला आणि थकव्याला जात असते काय?

सूर्य कलूं लागण्यापूर्वीं आपल्याला खालीं उतरावयाचें आहे. उन्हाळ्यांत या पर्वतांवर दुपारनंतर ढग जमतात आणि पाहतां पाहतां वीज कडाडूं लागते. म्हणून जाणते लोक लवकर निघतात. निघतांना त्या जाड वहीकडे एकदां पाहून घ्यावें. अनेक भाषांत, अनेक वळणांच्या अक्षरांत लिहिलेलीं नांवें तींत एकाखालीं एक येतात.

उतरतांना आणखी एक गोष्ट सांगतों. आल्प्समध्यें संकटांत सांपडलेल्या माणसानें मदत कशी मागावी, याचा एक संकेत ठरलेला आहे. क्लिंटन डेंट या इंग्रज गिर्यारोहकाच्या सूचनेवरून १८९४ सालीं तो रूढ झाला. एका मिनिटांत सहा वेळां खूण करावयाची. दिव्यानें, शिट्टीनें, रुमालानें, जें हाताशीं असेल त्यानें. मग एक मिनिट थांबावयाचें, आणि पुन्हां सहा वेळां. ज्याला ती खूण दिसेल त्यानें मिनिटाला तीन वेळां खूण करून उत्तर द्यावयाचें. या संकेतांत हांक मारणाराचें नांव सांगण्याची सोय नाहीं, त्याचा देश, धर्म, कुळ विचारण्याचीहि नाहीं. कोणी तरी अडचणींत आहे, एवढेंच दिव्यानें कळतें. आणि मी येत आहें, एवढेंच उत्तर देतां येतें.